बेल्टची गाठ

नेपरव्हिलच्या हौशी अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये कुणाला पाडायचं नसतं. बॉल घेऊन पळणाऱ्याच्या कमरेच्या बेल्टला लटकणारा फ्लॅग, म्हणजे कापडी पट्टी, ओढून काढला, की खेळ तिथेच थांबतो. म्हणून एक नियम फार कडक आहे: फ्लॅगच्या बेल्टला गाठ मारायची नाही, कारण मग तो ओढून निघत नाही.

फायनलला शार्दूलने जर्सीखाली गाठ मारली. सलग तीन वर्षं हरल्यावर त्याला एकदा तरी जिंकायचं होतं.

शेवटच्या मिनिटाला तो बॉल घेऊन सुटला. समोरच्या टीममधल्या विष्णूने झेप घेऊन त्याचा फ्लॅग पकडला, पण तो निघालाच नाही. शेवटची रेघ ओलांडून, टचडाउन करून शार्दूलने मागे वळून पाहिलं, तर विष्णू गवतावर बसला होता, वाकडं झालेलं बोट दुसऱ्या हातात धरून. रेफरी शार्दूलकडे यायला निघाला, मग विष्णूचं काहीतरी ऐकून परत फिरला. टचडाउन मान्य झाला आणि शार्दूलची टीम जिंकली.

कपाबरोबरचा फोटो सोडून शार्दूलच विष्णूला इमर्जन्सीत घेऊन निघाला. ड्राइव्ह करताना त्याला त्या सुजलेल्या हाताकडे बघवत नव्हतं. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "रेफरीला काय सांगितलंस?"

"अरे, त्याला तुझा बेल्ट चेक करायचा होता," विष्णू म्हणाला.

शार्दूलने एका हाताने जर्सी खाली ओढली.

"मी म्हटलं, काही गरज नाही, मी ओळखतो त्याला. माझीच बोटं शॉर्ट्समध्ये अडकली असणार. सॉरी यार."