भट्टी विझायच्या आत

बुडालेल्या काचकारखान्याच्या घेणेकऱ्यांची सभा भरवायला कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकाने तिसऱ्यांदा मुदत मागितली, या वेळी साठ दिवसांची. कुणाची हरकत आहे का, असं न्यायाधीशबाईंनी विचारताच मागच्या बाकावरून भट्टीवरचा म्हातारा मिस्त्री उठला. आठ महिन्यांचा पगार अडकल्यामुळे तोही घेणेकरीच होता. “पगाराचं राहू द्या, मॅडम. भट्टीला तेल नऊ दिवसांचंच उरलंय. ती विझली की आतली काच थिजते, भट्टी तडकते. मग विटाच विकाव्या लागतील.” “हे मला कुणी सांगितलंच नाही,” व्यवस्थापक म्हणाला. “तुम्ही ऑफिसच्या पुढे, भट्टीपर्यंत आलाच नाहीत,” मिस्त्री म्हणाला. बाईंनी साठ खोडून सात लिहिलं. सातव्या दिवशी सभेत कारखाना धगधगत्या भट्टीसकट विकला गेला. नव्या मालकाने ठेवलेल्या माणसांत म्हातारा नव्हता. ज्वाळ बघायची निळी काच त्याने शेवटची डोळ्याला लावली आणि नव्या मिस्त्रीला दिली. “जास्त तापलीय. तेल कमी करा.”