मोकळी लाईन

उकंडराव सकाळपासून टेलिफोनजवळची खुर्ची सोडायला तयार नव्हता. आसेगावात तारांचं काम निघालं होतं, लाईट नव्हती, आणि मोबाइल कालच मान टाकून पडला होता. उकंडरावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तसंही या घरात मोबाइलला रेंज मिळत नसे. म्हणून तर पुण्याला असलेल्या पोरानं, रविकांतनं, इंटरनेटची तार घरात आणून त्याच्या डब्याला हा फोन जोडून दिला होता.

धाकटी बहीण कमलीबाई रिसोडला, आपल्या सासरी, अंथरुणाला खिळली होती. काल तिला पाहून तो बैलांसाठी घरी परतला, तेव्हा भाचा किशन एसटीपर्यंत आला होता. "मामा, काही झालं तं पयला फोन तुमाले," तो म्हणाला होता. काही झालं तर म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. लेकीच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, आणि ते भावानं न्यायचं असतं. ते आधी घेऊन ठेवणं म्हणजे मरणाला मूळ धाडणं, म्हणून त्यानं घेतलं नव्हतं. फोन आला की निघायचं, रिसोडच्या बाजारात घ्यायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

"एकडाव उचलून तं पाहा, चालू हाय का," त्याची बायको प्रयागबाई म्हणाली.

"हात नको लावू. त्याच टायमाले किशननं लावला तं एंगेज लागन."

"भितीवरच्या डब्याचे दिवे इझले."

"थो डबा नातवाईच्या सिनेमाचा हाय. फोनले कायले लाईट लागते? आपला फोन सदा अंधारात वाजला."

जुन्या तारेचा फोन खरंच वाजायचा. वादळात खांब आडवे झाले तरी तो वाजे आणि अर्धी आळी उकंडरावाच्या ओसरीवर जमे. मग जुनी तार निघाली, नवी आली. फोन तोच ठेवला, नंबर तोच राहिला, आणि उकंडरावाचा भरवसाही तसाच राहिला.

"मंग शेजारी जाऊन तुमीच लावा एखांदा फोन."

"मी तिकडं गेलो अन् इकडं वाजला तं?"

प्रयागबाई चुलीकडे वळली. तिनं भाकर तिथंच आणून दिली. त्यानं अर्धी खाल्ली. फोन न वाजणं ही बरी खबर असते, असं तो स्वतःला सांगत राहिला, आणि दुपारनंतर त्याला ते पटूही लागलं. "सुधरून राह्यली कमली," तो एकदा म्हणालासुद्धा.

तिन्हीसांजेला लाईट आली. पंखा फिरू लागला. डब्यावर एकेक दिवा लागत गेला, आणि शेवटचा लागतो न लागतो तोच फोन वाजला. उकंडरावानं पहिल्याच रिंगला उचलला.

"मामा," किशन म्हणाला, "सकाळीच गेली माय. तवापासून लावून राह्यलो. रिंग जात व्हती, तुमी उचलूनच नाही राह्यले."

"मी इथंच बसून व्हतो, किशन."

"बाबा म्हनत, थांबा, थो उचलीन. दिवस कलला तवा नेलं, मामा. आताच घरी आलो."

उकंडरावाला रडू आलं नाही. दुःख झालं असेल, पण ते कुठे झालं ते त्याला सापडत नव्हतं. हातातल्या फोनचं वजन तेवढं कळत होतं.

"लुगडं?" त्यानं विचारलं.

"शेजारच्या रंगूबाईनं तिच्या घरून आनलं. तिनंच नेसवलं."

"बरं केलं," उकंडराव म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

प्रयागबाई ओले हात तसेच घेऊन दारात उभी होती. "काय म्हने किशन?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"कमलीले माहेर भेटलं," तो म्हणाला. "रिसोडातच."