खाऱ्या पाण्याचे उंदीर

डॉक्टर सिग्रून थोर्लाकसनने लखोटा फोडला आणि आतली यादी टेबलावर पसरली.

चोवीस भित्रे उंदीर. बारांना तिचं औषध, बारांना नुसतं खारं पाणी. कुणाला काय मिळतंय, हे चार महिने त्या लखोट्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, तिलासुद्धा नाही. आता तिने शेवटच्या आठवड्याचे आकडे दोन रांगांत मांडले. दोन्ही रांगा सारख्या. औषधाचे उंदीर कोपरा सोडून धीटपणे बाहेर येत होते, आणि खाऱ्या पाण्याचेही तितक्याच ऐटीत येत होते. मेंदूतलं उत्साहाचं रसायनही दोन्हींकडे सारखंच वाढलेलं.

अकरा वर्षं! भेदरलेल्या मेंदूला धीर देणारं औषध शोधण्यात तिची अकरा वर्षं गेली होती, आणि ते खाऱ्या पाण्यापेक्षा काडीचंही सरस नव्हतं. बारा वाजता विभागप्रमुख फ्रीसेनचा फोन येणार होता. प्रयोगशाळा ठेवायची की बंद करायची, ते त्या फोनवर ठरणार होतं. साडेअकरा होऊन गेले होते. बाहेर विनिपेगचा मार्च, गुडघाभर बर्फ.

उंदरांची देखभाल करणारा नेस्टर दारात आला. चौदा वर्षं त्यांचं खाणंपिणं आणि साफसफाई तोच बघत होता. तिचा चेहरा पाहून त्याने बादली खाली ठेवली.

"मॅम, कोण गेलं?"

"माझं औषध गेलं. खाऱ्या पाण्याचे उंदीरही तितकेच धीट निघाले."

एरवी रिकाम्या पिंजऱ्याशीसुद्धा बोलणाऱ्या नेस्टरने आधी दार लावून घेतलं.

"मॅम, रागावणार नसाल तर एक सांगतो."

"रागावणार. सांग."

"सुरुवातीला मी पिंजरा उघडला की निम्मे पळत दाराशी यायचे. बाकीचे कोपऱ्यात तोंड खुपसून बसायचे. म्हटलं, बिचाऱ्यांचं काहीतरी बिनसलंय. मग त्यांना बाहेर काढायचो, उताणं करायचो आणि पोटाला गुदगुल्या करायचो. पाच-पाच मिनिटं. एकदा सवय लावल्यावर नाही कसं म्हणायचं?"

"रोज?"

"रविवारीपण."

सिग्रूनने डोकं धरलं. कामाशिवाय उंदरांना हात लावू नये, असा कागद दारावर चिकटवलेला होता. तो नेस्टरनेच चिकटवला होता.

"चार महिन्यांचं वाटोळं केलंस, नेस्टर! चार महिन्यांचं! आता फ्रीसेनला मी काय..." ती मध्येच थांबली. "फेब्रुवारीत तू कुठे होतास?"

"गावी, इलोइलोला. धाकट्या मुलीच्या लग्नाला. तुम्हीच दोन आठवडे रजा दिलीत. माझ्या जागी तो दुसरा होता ना, नियमाने चालणारा."

तिने फेब्रुवारीच्या नोंदी काढल्या. तेव्हा कुणाला काय मिळतंय ते ठाऊक नव्हतं, म्हणून ती पानं तिला नुसती गोंधळाची वाटली होती. आता लखोट्यातली यादी शेजारी ठेवून ती बोटाने एकेक ओळ तपासू लागली. नेस्टर गेल्यावर तिसऱ्याच दिवशी खाऱ्या पाण्याचे बाराच्या बारा उंदीर कोपऱ्यात जाऊन बसले होते. रसायन झपाट्याने उतरलं होतं. औषधाच्या बारांना मात्र ढिम्म फरक पडला नव्हता, ते आपले मजेत हिंडत होते. नेस्टर परत आला आणि चार दिवसांत सगळे पुन्हा सारखे.

तिने पुन्हा एकदा तपासलं. मग ती खुर्चीवरून उठली आणि तिने नेस्टरला मिठीच मारली. बादली लवंडली, पाणी पार टेबलाखाली गेलं, पण दोघांनाही त्याचं काही नव्हतं. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"म्हणजे नोकरी आहे ना माझी?" नेस्टरने दबकत विचारलं.

"अरे, नोकरी काय घेऊन बसलास! शोधनिबंधावर तुझं नाव टाकणार आहे मी."

फोन वाजला.

"सिग्रून, पाल्हाळ नको," फ्रीसेन म्हणाला. "सरळ सांग, तुझं औषध चालतं की नाही?"

"चालतं की," सिग्रून डोळे पुसत म्हणाली. "जवळजवळ नेस्टरइतकं."