डॅन्यूबच्या बांधावर

चोपन्न सालच्या जुलैत डॅन्यूब बांधाच्या काठोकाठ आली, तेव्हा सरपंच झावर भर पावसात जनरल वेल्झरच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"साहेब, चला. नुसता गोंधळ चाललाय तिकडे. कुणी कुणाचं ऐकत नाही."

वेल्झर कोंबड्यांच्या खुराड्यावर फळी ठोकत होता. दोन महायुद्धं, रशियाच्या आघाडीवर हजारो सैनिकांच्या एका अख्ख्या डिव्हिजनची कमान, मग तिथलीच लांबलचक कैद. आणि आता बव्हेरियातल्या या खेड्यात बायकोच्या माहेरच्या दोन खोल्या. गावात त्याला त्या दिवसांबद्दल कुणी विचारत नसे. त्याने हातोडी ठेवली आणि रबरी बूट चढवले.

थोड्याच वेळात बांधावर शिस्त आली. वाळू भरणारे खाली, पोती वाहणाऱ्यांची रांग मध्ये, रचणारे वर. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पण आवाज न चढवता बोलला तरी लोक हलत.

"साहेब, एकदा आमच्या घरी या," खानावळवाला रांगेतून म्हणाला. "माझी बायको कुणाचं तरी ऐकते का, बघू." हशा पिकला.

दुपारी वेल्झर बांधाच्या पायथ्याशी वाकला. तिथून झिरपणारं पाणी सकाळी नितळ होतं. आता ते गढूळ येत होतं. बांध आतून पोखरला जात होता.

"पोती तिथंच सोडा," तो म्हणाला. "सगळे टेकडीवर, चर्चकडे. पळा!"

"थोडा वेळ धरू या ना साहेब!" सरपंच ओरडला. "मागे घरं आहेत आमची!"

"घरं पुन्हा बांधता येतील. पळा म्हणतो ना!"

बांध फुटला तेव्हा सगळ्यांत मागची म्हातारी चर्चच्या पायऱ्या चढत होती. पाणी घरांत शिरलं, गोठ्यांत शिरलं. माणूस मात्र एकही गेला नाही. सरपंच जनरलचा हात धरून लहान मुलासारखा रडला.

मग गावातली क्रेसेन्स आली, हातात गरम सूपचा वाडगा घेऊन. दर रविवारी चर्चच्या दारात ती वेल्झरला नमस्कार करी. त्यापलीकडे कधी शब्द नाही.

"माझा मुलगा लोरेन्स तुमच्याच डिव्हिजनमध्ये होता," ती म्हणाली. "तिकडे रशियातही नदीच होती म्हणे. पोरं मागे फिरायच्या हुकमाची वाट बघत बसली होती. हुकूम आलाच नाही."

"हो. होती."

"आज किती पटकन म्हणालात हो तुम्ही. माझं पोतं खाली ठेवून होतंय न होतंय, तोवर 'पळा' म्हणून मोकळे."

"तिथं वरून हुकूम होता, बाई. जागा सोडायची नाही."

"इथं सरपंचही थांबाच म्हणत होता की."

तिने वाडगा वेल्झरच्या हातात दिला, त्याची बोटं त्याभोवती नीट बसली का ते पाहिलं, आणि पुढच्या माणसाला वाढायला गेली.