स्टुलावरचं गिऱ्हाईक

कृष्णकांतच्या पनवेलच्या वर्कशॉपमध्ये मशिनांचे वाकलेले शाफ्ट सरळ करून मिळत. जे गिऱ्हाईक प्रेससमोरच्या स्टुलावर ठाण मांडून बसेल, त्याचं काम आधी, ही तिथली रीत. करंजा बंदरातले बोटवाले तर जेवणाचा डबा घेऊनच येऊन बसायचे. स्मशानातल्या दाहिनीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचा शाफ्ट मात्र आला तसा कोपऱ्यात पडून होता.

"शेट, स्मशानातून सारखा फोन येतोय," बळीराम मिस्त्री म्हणाला.

"येऊ दे. त्यांचं गिऱ्हाईक काय पळून जातंय?"

त्याच आठवड्यात कृष्णकांतची आई गेली. तिरडी स्मशानात टेकवली, तेव्हा तिथला माणूस हात जोडून पुढे आला.

"दाहिनी बंद हाय, दादा. इतके दिवस लाकडांवर भागवलं, आज लाकडं पन संपली. शाफ्ट सरळ करायला दिलाय. देतो देतो म्हनतात, देत नाय."



तासाभराने बळीरामने बोटीचा शाफ्ट प्रेसवरून उतरवून कोपऱ्यातला चढवला, आणि तो सरळ होईपर्यंत कृष्णकांतशेट समोरच्या स्टुलावर अनवाणी बसून राहिले.