समुद्रातली टाचणी

पिवळी टाचणी समुद्रात होती.

बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि नकाशाला नाक लावलं. टाचणी समुद्रातच होती. किनाऱ्यापासून चांगली पंचेचाळीस किलोमीटर आत.

मागे इस्त्रीच्या टेबलाला धरून पोस्टातल्या मावशी उभ्या होत्या. टाचणी त्यांच्या मुलाची. तो तिथल्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात क्रेन चालवायचा. सकाळी रेडिओवर बातमी आली होती: शत्रूने तिसरं क्षेपणास्त्र उडवून पाहिलं, पल्ला अकराशे पन्नास किलोमीटर. तेव्हापासून मावशींनी पाण्याचा घोटही घेतला नाही, असं किराणावाला सगळ्यांना सांगत होता.

नकाशा शाळेने मोडीत काढलेला. बाई निवृत्त होताना तो घरी घेऊन आल्या, आणि एवढी मोठी भिंत घरात एकच होती, नवऱ्याच्या शिवणकामाच्या दुकानातली. चौतीस वर्षं भूगोल शिकवूनही गल्ली त्यांना 'अक्षांशबाई' म्हणायची आणि शर्ट शिवणाऱ्या नवऱ्याला 'मास्तर'. हा अन्याय त्या अधूनमधून बोलून दाखवत.

पहिल्या चाचणीला गल्लीने दुपारपर्यंत सगळ्या मेणबत्त्या संपवल्या. दुसऱ्या चाचणीला खिडक्यांच्या काचांवर कागदी पट्ट्या आल्या. तिसऱ्या वेळी मात्र कोणी काहीच विकत घेतलं नाही. सगळे सरळ दुकानात आले. कारण पहिल्याच दिवशी बाईंनी प्रत्येकाच्या दूरच्या माणसासाठी अक्षांश-रेखांश बघून एकेक टाचणी टोचून दिली होती. दर चाचणीनंतर त्या मास्तरांचा काजाचा दोरा दुहेरी करत, एका सेंटीमीटरला पन्नास किलोमीटर धरून टेपने मापत आणि शत्रूच्या तळाभोवती पेन्सिलीने वर्तुळ ओढत. मग आत की बाहेर, तेवढंच सांगत. नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल, तेव्हा थोडी चूक धरा, हेही सांगत. आपली गल्ली पहिल्यापासूनच आत होती. तिच्याबद्दल कोणी विचारत नव्हतं.

आतापर्यंत सगळ्यांची माणसं बाहेर निघाली होती. लोक हसत घरी गेले होते. मागच्या खेपेला किराणावाल्याने विचारलं होतं, भावाचं गाव रेघेच्या आतल्या कडेपासून मोजायचं की बाहेरच्या. बाईंनी त्याला शाळेतल्या त्याच्या भूगोलाच्या मार्कांची आठवण करून दिली होती.

मार्कांच्या बाबतीत बाईंशी कोणी वाद घालत नसे. स्वतःच्या मुलीलाही त्यांनी साडेचौतीसला पस्तीस दिले नव्हते. तीच मुलगी आता लांबच्या एका कारखान्याच्या गावी होती. तिला सातवा महिना लागला होता. गाव इतकं नवं की जुन्या नकाशावर त्याचं नावही नव्हतं. तिची निळी टाचणी बाई सगळ्यात शेवटी बघत, तीही ओझरती.

त्यांनी किनारा बोटाने चाचपला. जिथे बंदर असायला हवं तिथे एक बारीक छिद्र होतं.

किराणावाल्याच्या भावाची हिरवी टाचणी त्यांनी पाहिली. तिच्यामागे दोन छिद्रं होती.

मग निळीकडे बघणं भाग पडलं. तिच्यामागे तीन. एका रेषेत, सारख्या अंतरावर, प्रत्येक वेळी बोटभर पुढे. असा सरळ टाका गल्लीत एकाच हाताचा होता.

बाईंनी टेप घेतली आणि शत्रूच्या तळापासून सर्वांत मागच्या छिद्रापर्यंतचं अंतर मोजलं. एकोणीस पूर्णांक सहा. पहिलं वर्तुळ वीस सेंटीमीटरचं होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

मशीनचा आवाज थांबला होता. मास्तर शिवणीवर मान वाकवून बसले होते, पण पाय हलत नव्हता. बाई त्यांच्याजवळ गेल्या आणि हळू आवाजात विचारलं, हे कधीपासून चाललंय.

मास्तरांनी दोरा दाताने तोडला.

"कपड्यात बोटभर जागा ठेवावी लागते," ते तितक्याच हळू म्हणाले. "माणसाला श्वास घ्यायचा असतो."

बाईंनी टेप गळ्यात टाकली. चौतीस वर्षांत त्यांच्यासमोर अनेकांनी अनेक कारणं दिली होती, आणि प्रत्येकाला त्यांच्याकडे उत्तर होतं.

"ताई," मावशी मागून म्हणाल्या. त्यांचे ओठ सुकले होते. "आत आहे का हो?"

बाईंनी काजाचा दोरा दुहेरी केला. तेवीस सेंटीमीटर मापले, गाठ मारली आणि तिसरं वर्तुळ ओढलं. रेघ समुद्रात शिरून पिवळ्या टाचणीच्या अलीकडून गेली.

"बाहेर," बाई म्हणाल्या. "पंचवीस किलोमीटर बाहेर."

मावशींनी पाणी मागितलं. दोन पेले प्यायल्या. किराणावाल्याने आपल्या भावाचं विचारून घेतलं, तोही बाहेर निघाला. या वेळी त्याने रेघेच्या कडेचा विषय काढला नाही. हळूहळू माणसं पांगली. मावशी जाताना म्हणाल्या की नकाशा आहे म्हणून बरं आहे, रेडिओचं काही खरं नसतं.

दुकानात दोघंच उरली. मास्तर बोलणी खायच्या तयारीत बसून होते. बाईंनी निळी टाचणी उपसली. मग त्यांनी ती रेघेपासून आणखी एक बोट पुढे, अगदी सरळ रेषेत, टोचली.

"पुढच्या वेळी," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "बंदर असं समुद्रात ढकलू नका. किनाऱ्याकिनाऱ्याने सरकवा. नाहीतर कोणाच्याही लक्षात येईल."