एकाच तारखेच्या चाळीस सह्या

“काकू, आम्ही सगळं तपासलंय. तुम्ही फक्त सही करा,” समितीचे अध्यक्ष असलेले सर म्हणाले. विद्यापीठाच्या नैतिकता समितीत मी सामान्य नागरिक म्हणून बसते.

तरी मी संमतिपत्रं वाचत राहिले. मधुमेहाच्या संशोधनासाठी एकाच खेड्यातल्या चाळीस सुवासिनींनी ग्लुकोजचं पाणी पिऊन रक्त दिलं होतं. सगळ्यांची तारीख सहा सप्टेंबर.

“पारायण करताय का, काकू? माझी पीएचडी अडलीय,” संशोधक हसला.

“त्या दिवशी हरतालिका होती,” मी हळूच म्हटलं. “आम्ही पाण्याचा थेंबही घेत नाही. चाळिसांतली एकही ‘आज नको, उद्या येते’ म्हणाली नाही?”

तो उगाच कागद चाळू लागला.

सरांनी पेनाला टोपण लावलं. “खरं सांग, तू त्या गावात गेला तरी होतास का?”